घरच्या खाटेपाशी: नाशिक जिल्ह्यातली दीर्घकाळची शुश्रूषा आणि पॅलिएटिव्ह सेवा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईच्या आजारपणात दोन वर्षं कागद गोळा करत फिरलो, तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक मला प्रश्न पाठवतात. सिडकोतून येतात, निफाडमधून येतात, कळवणहून येतात. शब्द वेगळे असले तरी प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. औषधाचा डोस मला विचारू नका.

१. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे "आता काही उरलं नाही, घरी घेऊन जा" असंच ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण त्यापायी लोक फार उशिरा येतात. गंभीर आजारातल्या वेदना, धाप, उलटी, जखमा, झोप न लागणं, घाबरणं यांवरचे हे उपचार आहेत. केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही ते घेता येतात. माणूस बरा होणार की नाही हा प्रश्न बाजूला राहतो. आज रात्री तो झोपेल का, हे आधी बघितलं जातं.

सरकारी कागदांत याला "परिहारक" किंवा "उपशामक" म्हणतात. उपकेंद्रात यातला एकही शब्द कळला नाही, तर सरळ सांगा: "घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, घरी येऊन बघायला कोणी पाहिजे."

२. बाबांना कॅन्सर नाही, पॅरालिसिस आहे. मग हे आम्हाला लागू होतं का?

होतं. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, निकामी किडनी, थकलेलं हृदय, फुप्फुसांचा जुना आजार, एचआयव्ही, जन्मजात आजाराची लहान मुलं, हे सगळे यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. त्यात कॅन्सर नसलेलेच जास्त.

एक फरक मात्र समजून घ्या. पॅरालिसिसचा माणूस दहा वर्षंही जगतो. त्याला वेदनाशामकापेक्षा रोज उठवणारा, न्हाऊ घालणारा, भरवणारा हात लागतो. ती दीर्घकाळची शुश्रूषा. पॅलिएटिव्ह सेवेसाठी सरकारी कार्यक्रम तरी आहे. दीर्घकाळच्या शुश्रूषेसाठी जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून सक्तीचा विमा आहे. आपल्याकडे त्या जागी सून आहे (प्रश्न १० पाहा).

३. सरकारचं धोरण नेमकं काय आहे? हा आपला हक्क आहे का?

केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ चा. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही या विषयाचं धोरण आणलं. केरळने ते २००८ मध्येच केलं होतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हा विषय आला. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, त्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे द्यायच्या बारा सेवांच्या यादीत वयोवृद्धांची आणि परिहारक सेवा आहे.

पण यादीत असणं आणि दारात येणं यात अंतर आहे. या कार्यक्रमाला स्वतंत्र मोठी तिजोरी नाही. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, जिल्ह्याने मागितला तर येतो. "अमुक दिवसांत परिचारिका घरी आलीच पाहिजे" असं सांगणारा कायदा नाही. म्हणजे कोर्टात दाखवता येईल असा हक्क नाही, पण मागितल्यावर "आमच्याकडे असलं काही नसतं" असंही कोणी म्हणू शकत नाही.

केरळमध्ये हे का जमलं? १९९३ मध्ये कोझिकोडला सुरुवात झाली ती मेडिकल कॉलेजातल्या एका बाह्यरुग्ण विभागातून. पुढे शेजारपाजारचे लोक आठवड्याचे काही तास देऊ लागले आणि पंचायतींनी आपल्या निधीतून घरी जाणाऱ्या परिचारिकेचा खर्च उचलला. आपल्या ग्रामसभेत गटारं, पेव्हर ब्लॉक आणि सभामंडप यांवर तासन् तास चर्चा होते. खाटेवरच्या माणसांसाठी ओळभर तरतूद मागितलेली मी एकदाच पाहिली, तीही हसण्यावारी गेली.

४. नाशिकमध्ये सुरुवात कुठून करायची?

खेड्यात असाल तर आशाताईंपासून. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तपासणी फॉर्म त्या भरतात. साठीपुढच्यांसाठी त्यात रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, तोल जातो का, विसरायला होतं का, असे प्रश्न आहेत. तुमच्या घरचा फॉर्म भरताना "सगळं ठीक" लिहून घेतलं असेल तर पुन्हा भरायला लावा. लाजेपोटी लोक सांगत नाहीत आणि मग यादीत नाव येत नाही. आशाताईंकडून माहिती उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते (सगळे त्यांना सीएचओ म्हणतात), तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय.

शहरात महापालिकेचं जवळचं शहरी आरोग्य केंद्र गाठा. मोठ्या तपासण्यांसाठी नाशिकरोडचं बिटको किंवा कथड्याचं झाकीर हुसेन, आणि कॅन्सर, हृदय, किडनीसाठी शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. मालेगावकरांनी आधी तिथल्या सामान्य रुग्णालयात विचारावं, उगाच शंभर किलोमीटर रुग्ण हलवू नये.

सोबत एक पानभर टिपण न्या: आजार, चालू औषधं, कुठे दुखतं, रात्री काय होतं, घरी करणारं कोण. माझ्या आईच्या डिस्चार्ज कार्डावर शहरातल्या एका रुग्णालयाने "घरी योग्य काळजी घ्यावी" एवढंच लिहिलं होतं. योग्य म्हणजे काय, हे कळायला आम्हाला एक बेडसोर (सतत पडून राहून होणारी जखम) लागला.

५. घरी कोण येतं आणि येऊन काय करतं?

आशाताई येतात, परिचारिका किंवा सीएचओ येतात. डॉक्टर क्वचितच. जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणं, नाकातल्या नळीची काळजी, रक्तदाब आणि साखर बघणं, औषधांचा हिशोब ही त्यांची कामं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम म्हणजे घरच्यांना शिकवणं: दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, उशी कुठे लावायची, भरवताना डोकं किती वर घ्यायचं. हे एकदा हाताला बसलं की निम्मे बेडसोर आणि निम्मे ठसके टळतात.

रोज कोणी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सीएचओंना ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलता येतं, तेवढं आवर्जून करून घ्या. रात्री अपरात्री प्रकृती बिघडली तर १०८. तुम्हीच खचला असाल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. हा नंबर रुग्णासाठी नाही, तुमच्यासाठी लिहून ठेवा.

६. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय आणि एकही मेडिकलवाला देत नाही. असं का?

कारण मॉर्फिन अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं आणि साध्या मेडिकल दुकानाला ते ठेवायची परवानगी नसते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर केंद्राने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं "अत्यावश्यक" ठरवली आणि देशभर एकच नियम केला. त्यानुसार राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला, म्हणजे "मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थे"ला, वेगवेगळे परवाने न काढता ही औषधं ठेवता आणि देता येतात. आधी चार-पाच परवाने लागायचे. एकाची मुदत येईपर्यंत दुसऱ्याची संपायची.

तेव्हा गावभर मेडिकल पालथी घालू नका. ज्या डॉक्टरांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा: "हे कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेतून मिळेल?" कॅन्सर रुग्णालयांत ते मिळण्याची शक्यता जास्त. घरातला कोणीही चिठ्ठी आणि ओळखपत्र घेऊन आणू शकतो. अंथरुणावरच्या माणसाला रिक्षात घालून न्यायची गरज नाही. चिठ्ठी आणि मिळालेल्या गोळ्यांची नोंद जवळ ठेवा. कायदेशीर चिठ्ठीवर आणलेल्या गोळ्या घरी असणं हा गुन्हा नाही.

७. मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो म्हणतात. आणि व्यसन लागलं तर?

वेदनेच्या प्रमाणात, तोंडावाटे, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दिलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. "मॉर्फिन सुरू केलं आणि आठ दिवसांत गेले" ही गोष्ट प्रत्येक आळीत असते. ती खोटी नसते, तिच्यातला क्रम चुकतो. शेवटचे आठ दिवस उरले तेव्हाच मॉर्फिन सुरू झालेलं असतं.

शरीराला सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. पण सवय म्हणजे व्यसन नव्हे. साधी गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखायला लागल्यावर द्यायची नसते, दुखू नये म्हणून द्यायची असते. आणि बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी मागून घ्या. खूप गुंगी आली किंवा श्वास मंद वाटला तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

८. आमच्याकडे पाच लाखांचं कार्ड आहे. घरी ठेवलेल्या नर्सचं बिल त्यातून मिळेल?

नाही. आयुष्मान भारत असो की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, दोन्ही रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं कार्ड मिळतं; ते जरूर काढा, पण गादी, डायपर, आया यांसाठी त्यात काही नाही. रुग्णालयातून सुटल्यावरच्या १५ दिवसांचा औषधखर्च आयुष्मान पॅकेजमध्ये धरलेला असतो. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर तेवढं मागा.

खासगी विम्यातलं "डोमिसिलियरी" कलम म्हणजेही आया नव्हे. रुग्ण हलवण्यासारखा नसेल किंवा खाटच मिळत नसेल, तेव्हा एरवी रुग्णालयात झाले असते असे उपचार घरी केले, तरच ते लागू होतं. धोरणातलं हेच मला सगळ्यात खटकतं: रुग्णालयातली खाट सरकार विकत घेतं, घरातली नाही.

९. मग महिन्याच्या खर्चाला काही आधार?

थोडा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ६५ वर्षांच्या आतल्यांना, त्यात कॅन्सर, पक्षाघात, क्षयरोग असे आजार असलेले येतात, आणि श्रावणबाळ योजनेत ६५ च्या पुढच्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूत. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट सर्वसाधारणपणे २१,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,७५०. द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्याचं घरही या आकड्यात बसत नाही, पण अट तशीच आहे. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा आणि रक्कम वेगळी असते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ पुढच्यांना, उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, चष्मा, काठी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशा साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. पक्षाघाताने कायमचं अपंगत्व आलं असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. पुढचे बरेच दरवाजे त्यानेच उघडतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी "निरामय" विमा वेगळा आहे: वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीही धरतात.

१०. सगळं आमची वहिनी करते. भाऊ ना वेळ देतात ना पैसे. कायदा काही म्हणतो का?

म्हणतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्ज रुग्णाने स्वतः करावा. ते शक्य नसेल तर त्याने सांगितलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. निर्वाहभत्ता महिन्याला कमाल १०,००० रुपये, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित. मुलगी, नातू, नातही जबाबदार धरले जातात. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार तो नातेवाईक.

गंमत अशी, की त्या व्याख्येत सून नाही. जी रात्री उठून कूस बदलते तिच्यावर कायद्याने जबाबदारी नाही, आणि म्हणून तिच्या कष्टांची कुठे नोंदही नाही. अर्ज करण्याआधी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला. नुसत्या नोटिशीच्या धाकाने पैसे सुरू झालेली दोन घरं मला माहीत आहेत. बोलणं बंद झालेलं एकही नाही.

११. आईने फ्लॅट धाकट्याच्या नावावर करून दिला, आता तो बघत नाही. परत मिळेल?

मिळू शकतो, त्याच कायद्याच्या कलम २३ खाली. पण "सांभाळ करशील" या अटीवर बक्षीसपत्र केलं होतं, हे दिसावं लागतं. अट लिहिलेलीच नसेल तर लढाई अवघड होते. अजून नावावर केलं नसेल, तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्राचा विचार करा आणि वकिलाला भेटा.

१२. ब्युरोकडून रुग्ण सांभाळायला मावशी ठेवतोय. काय बघायचं?

ओळखपत्र, पोलिसांकडची पडताळणी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण. "नर्स" म्हणून पैसे घेत असतील तर नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. बहुतेक मावश्या प्रशिक्षित नर्स नसतात आणि तसं असायला हरकतही नाही, पण इंजेक्शन त्यांच्या हातून नको. कामं कागदावर लिहा. भांडी आणि केर यात येतात का यावरून पहिल्या आठवड्यातच वाजतं. आणि ब्युरोला देता त्यातले तिच्या हातात किती पडतात, हे एकदा तिलाच विचारा.

१३. बाबांना सही करता येत नाही. पेन्शन कशी काढायची? मुखत्यारपत्र आहे आमच्याकडे.

दोन वेगळ्या परिस्थिती आहेत, त्या मिसळू नका.

शुद्धीवर आहेत, समजतं, फक्त हात चालत नाही: अंगठा चालतो. हाताचा नाही तर पायाचाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरच्यांना घरपोच मूलभूत सेवा द्यायच्या सूचनाही २०१७ पासून आहेत. शाखेत नाही म्हणाले तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

समजच राहिलेली नाही, कोमा किंवा पुढच्या टप्प्यातला स्मृतिभ्रंश: इथे मुखत्यारपत्र उपयोगी नाही. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, कारण नेमक्या याच दिवसासाठी त्यांनी ते करून ठेवलेलं असतं. अशा वेळी पालक नेमून घ्यायला बहुधा उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून निदान झाल्या झाल्या, समज शाबूत असताना, खातं संयुक्त करून घ्या.

१४. आजी म्हणते, मला व्हेंटिलेटर लावू नका. नुसतं सांगून चालेल?

समज शाबूत असलेला माणूस स्वतःचे उपचार नाकारू शकतो. प्रश्न येतो तो बोलता येईनासं झाल्यावर. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे "लिव्हिंग विल", मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणन पुरतं. आधी न्यायदंडाधिकारी लागायचे. कोणत्या स्थितीत काय नको ते स्पष्ट लिहा, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा जास्त माणसांची नावं द्या. एक प्रत घरच्या डॉक्टरांना, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

रुग्णालयात ते अमलात आणताना आधी एक आणि मग दुसरं वैद्यकीय मंडळ बघतं. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. इच्छापत्र केलेलंच नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने मंडळांच्याच मार्गाने जाता येतं. इंजेक्शन देऊन मरण देणं यात बसत नाही, तो गुन्हाच आहे.

आणि व्हेंटिलेटर नको म्हणजे वेदनाशामक नको असं नव्हे. हे वाक्य इच्छापत्रातच लिहून टाका.

१५. घरीच गेले तर पोलिसांना कळवावं लागतं का?

आजाराने, नैसर्गिक मृत्यू असेल तर नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या. म्हणूनच महिन्यातून एकदा तरी डॉक्टरांनी रुग्ण पाहिलेला असावा, नाहीतर रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर सही करत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. नोंद २१ दिवसांत महापालिका किंवा ग्रामपंचायतीत करा.

अपवाद: भाजणं, विषबाधा, अपघात. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं आणि त्यातूनच मृत्यू ओढवला, तर डॉक्टर पोलिसांना कळवायला सांगू शकतात. घाबरू नका, पण जुने कागद हाताशी ठेवा.

१६. आम्ही सुरगाण्याचे. हंगामात दिंडोरीला बागेवर असतो, आई पाड्यावर. काय करावं?

निघण्याआधी आशाताई आणि सीएचओंना गाठून आई एकटी आहे हे सांगा आणि औषधं जास्त दिवसांची मागा. शेजारच्या एका माणसाचं नाव आणि नंबर उपकेंद्रात लिहून ठेवा. आईला सोबत नेणार असाल तर कागद सोबत न्या; रक्तदाब, साखरेच्या गोळ्यांसाठी बागेजवळच्या उपकेंद्रात दाखवता येतं. मॉर्फिन चालू असेल तर पूर्ण मुक्कामाचा साठा आधी आणा, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका (प्रश्न ६).

१७. २०२७ च्या सिंहस्थात रस्ते बंद असतील. आम्ही पंचवटीत राहतो.

मागच्या कुंभातल्या बॅरिकेड्स आठवत असतील तर हा प्रश्न आत्ताच विचारला हे बरं केलं. पर्वणीच्या आधी पंधरा दिवसांची औषधं, ऑक्सिजन लागत असेल तर जास्तीचा सिलिंडर, मावशीची राहण्याची सोय. पोलीस चौकीत आणि जवळच्या आरोग्य केंद्रात "घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण" अशी लेखी नोंद द्या. डायलिसिसवाल्यांनी तर त्या दिवसांपुरतं डायलिसिस केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे जावं.

१८. सगळं आटोपलं. उरलेल्या गोळ्या आणि सामानाचं काय करायचं?

मॉर्फिन जिथून आणलं तिथेच परत द्या आणि नोंदीवर सही घ्या. शेजाऱ्याची कंबर दुखते म्हणून देऊ नका, कचऱ्यातही नको. बाकी औषधांचं पाकीट उघडलेलं नसेल तर दुकानदाराला विचारून बघा. हवेची गादी, कमोड खुर्ची, व्हीलचेअर घासून, उन्हात वाळवून ठेवा आणि तुमच्या आशाताईंना सांगा. त्यांच्या यादीत गादीसाठी थांबलेलं घर बहुतेक त्याच वॉर्डात असतं.